सागाच्या पानावरची पंगत

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली आमच्या घरची ताटं घासणारी बाई आम्हाला सोडून गेली.

तिचा काही दोष नव्हता. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकून पडला होता आणि विलायतेचं घोडं वऱ्हाडच्या कापसावाचून अडलं होतं. अमरावतीच्या बाजारात कापूस निवडायला बाया मिळेनात. आमच्याकडे महिनाभर राख घासून चंद्रीला जे मिळायचं ते तिथं आठ दिवसांत मिळू लागलं, तेही सावलीत बसून. जाताना मात्र तिनं मोठ्या मायेनं सांगितलं, "ताटं पालथी घालत जा जी, नाई तं कुत्रे चाटते." एवढा उपदेश करून ती गेली.

ही ताटं आली कुठून तेही सांगतो, कारण त्यातही माझंच डोकं होतं. आम्ही माळी. अमरावतीहून कोसभरावर आमचा मळा. वांगी, मेथी, झेंडूची फुलं यावर घर चालायचं. भाकर हातावर घ्यायची, वर ठेचा ठेवायचा, की झालं जेवण. हात धुतला की भांडी घासून झाली. पण बाप वारल्यावर घराचा कारभार माझ्याकडे आला आणि त्याच सुमारास कापूस चढला. मी वांगी उपटली आणि कापूस लावला. (मग वांगी आम्ही बाजारातून विकत आणू लागलो. आमच्यापेक्षा वाईट, आणि महाग.) पहिल्या वेचणीच्या पैशांतून मी काशाची बारा ताटं घेतली. एकेक ताट असं जड, की उचलायला दोन्ही हात लागावेत.

"ताटं लय बेस आहेत," माझी बायको मंजुळा तेव्हाच म्हणाली होती, "पन घासन कोन?"

मी हसलो होतो.

चंद्री गेली त्या दिवशी मंजुळा शेतातून आली, खरकट्या ताटांच्या ढिगाकडे तिनं पाहिलं आणि दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. दिवसभर कापूस वेचून बोंडांच्या टोकांनी तिची बोटं सोलून निघाली होती.

"या हाताले राख लावू? झोंबते ना जी. माह्यानं नाई होत."

"मंग रोज पत्रावळीवर जेवू," मी तोडगा काढला.

माझी माय कोपऱ्यात सरकी साफ करत बसली होती. तिनं मान वर केली. "पत्रावळ लगनात मांडतेत, नाई तं तेराव्याले. तुह्या घरी यातलं काय आहे आज?"

पुरुषाची जात, त्यात घरचा कारभारी. तावातावानं म्हणालो, "त्यात काय एवढं? मी घासतो!"

दुसऱ्या दिवशी दुपारी, सारं गाव शेतात असेल असा हिशेब करून, मी बारा ताटं विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी जागेवर, नेली. राख कमी पडली म्हणून वाळू घेतली. वाळूनं ताटांवर ओरखडे उठले. ओरखडे जावेत म्हणून आणखी जोरात घासलं, आणि तिसरंच ताट हातातून सटकून दगडावर आदळलं. काशाचा आवाज तो. घणघणत राहिला. तो थांबवायला धावलो तर पायाचा धक्का लागून उरलेली ताटं एकामागून एक उतारावर निघाली, वाजत गाजत. मारुतीच्या देवळातला पुजारी पळत आला, त्याला वाटलं त्याला वगळून कोणी आरती उरकून राहिलं. त्याच्या मागून आठ-दहा माणसं आली. (सारं गाव शेतात नव्हतं.)

"सदूभाऊ, हे काय करून राहिले?" पुजाऱ्यानं विचारलं.

"काही नाई. ताटं पाहून राहिलो."

"राखेनं?"

त्या दिवसानंतर मी गावातून निघालो की कोणी ना कोणी म्हणायचं, "सदूभाऊ, आमच्याबी घरी चार पडले आहेत पाहाचे." कंबर आठ दिवस वाकडी होती ती वेगळीच. मी शपथ घेतली की पुन्हा घासायच्या ताटाला हात लावायचा नाही. ताटं पेटीत गेली आणि मी पत्रावळी आणायला निघालो.

तर पत्रावळी लावणाऱ्या बायाही कापसात गेलेल्या. मी म्हटलं, आपण लावू. पळसाची पानं आणली, काड्या आणल्या, ओट्यावर बसून सकाळपासून दुपारपर्यंत एक पत्रावळ लावली. तिच्यातून ओट्याची जमीन स्पष्ट दिसत होती.

आणि मग मला अक्कल सुचली. पोहऱ्याच्या रानात आगगाडीच्या रुळांखाली घालायला साग तोडला होता. तोडलेल्या बुंध्यांना नवी फूट आली होती, आणि त्या फुटव्याचं एकेक पान सुपाएवढं! एक पान म्हणजे एक ताट. शिवायचं नाही, घासायचं नाही. जुनी पानं खरखरीत लागत होती म्हणून मी मुद्दाम कोवळी कोवळी निवडली. सगळ्या वऱ्हाडात हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही, याचं मला पानांनी भरलेली बैलबंडी हाकताना फार आश्चर्य वाटत होतं.

चार दिवस आम्ही त्या पानांवर जेवलो. वेचणीची घाई, म्हणून चारही दिवस भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा. जेवण झालं की पान बैलापुढे. मंजुळासुद्धा काही बोलली नाही, आणि मंजुळा काही बोलली नाही म्हणजे मोठीच गोष्ट.

पाचव्या दिवशी अकोल्याहून पाहुणे यायचे होते.

माझी बहीण गोदी. बाप गेल्यापासून तिचं लग्न हा मायच्या जिवाला घोर होता. कापसाच्या पैशानं सगळ्यांच्या तोऱ्याला भाव आलेला, आधीचं एक स्थळ देण्याघेण्यावरून हातचं गेलेलं. अकोल्याचे सोनाजी म्हणजे बागाईतदार माणूस, मुलगा गुणी, मागणं काही नाही. पोरगी पसंत होती. फक्त घर पाहायचं, जेवायचं आणि साखर वाटायची. हे स्थळ मोडलं असतं तर मायनं अंथरूण धरलं असतं, इतकं सरळ होतं ते.

"पाहुन्याईले तरी ताटं काढा," माय म्हणाली.

"काढते," मंजुळा म्हणाली. "मी मांडीन, मी वाढीन. मागून घासाचे यायनं." आणि माझ्याकडे बोट केलं.

सोयरे ओसरीवर बसलेत आणि मी थारोळ्यावर राख घासतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी म्हणालो, "ताटं तं आता सगळेच काढतेत. आपून सागाच्या पानावर पंगत बसवू. नवी रीत."

"सद्या," माय म्हणाली, "मले काही बरं वाटून नाई राहिलं."

सोनाजी आले, सोबत भाऊबंद आले, आणि सोनाजींची थोरली बहीण आत्याबाई आली. ही विधवा होऊन माहेरी राहिलेली आणि सोनाजींचं सगळं घर हिच्या मुठीत. सोनाजी पाणी प्यायचे तरी हिच्याकडे पाहून. बाया आत गेल्या, पुरुषांची पंगत ओसरीवर बसली. हिरवीगार पानं पाहून सोनाजी खूष झाले. पांढऱ्याशुभ्र मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "वा गा, किती मोठं पान हे!" मी मंजुळाकडे विजयानं पाहिलं. तिनं भात वाढला. पांढरा, वाफाळता भात. आमच्याकडे भात म्हणजे पाहुण्यांचं अन्न, ज्वारीच्या मुलखात तो रोज कोण खातो? त्यावर ऊन ऊन कढी.

कोवळं सागाचं पान चोळलं की हात लाल होतो, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. लहानपणी मी दिवसदिवस तेच केलेलं. पण चार दिवस खाल्ला होता लाल ठेचा, आणि लालावर लाल चढलेलं कोणाला दिसतं?

आधी सोनाजींच्या भाताची कड गुलाबी झाली. त्यांनी ती तिरक्या नजरेनं पाहिली, आणि सभ्य माणूस, तसाच भात कालवला. कालवला तसा तो लाल झाला. कढी पळू नये म्हणून त्यांनी बोटांनी बांध घातला, बोटं लाल झाली. पंगतीतला दुसरा भाऊबंद खाऊन मिशा पुसू लागला. लाल. तिसऱ्याचे ओठ लाल. ज्याला जेवण जास्त आवडलं, तो पान जास्त निपटत होता, आणि तोच जास्त रंगत होता. सगळे एकमेकांकडे चोरून पाहू लागले, पण पहिलं कोण बोलणार? परक्याच्या घरचं अन्न.

तेवढ्यात आत्याबाई दारात आली. तिनं पंगतीवरून नजर फिरवली आणि ती भावावर थांबली.

"सोन्या," ती हळूच म्हणाली, "तुले रगत येऊन राहिलं काय?"

सोनाजींनी बोटांकडे पाहिलं. एका भाऊबंदानं भिंत धरली. कोणीतरी म्हणालं, "विडा खाल्ला असन." दुसरा म्हणाला, "विडे तं अजून वाटलेच नाई."

"ऊठ," आत्याबाई म्हणाली. "सारे उठा. या घरात काहीतरी आहे."

भरल्या पानावरून उठणं म्हणजे सोयरीक मोडली. दाराआड मायचा हुंदका मला ऐकू आला. मी धावत पंगतीत शिरलो. "आत्याबाई, काही नाई, सागाचा रंग हे! पोटाले काही होत नाई. हे पाहा!" आणि खात्री पटावी म्हणून मी एक पान उचललं, चावलं, चोथा तोंडावर चोळला. आत्याबाई दोन पावलं मागं सरकली. माझ्या हनुवटीवरून लाल ओघळ चालले होते. मी ते पुसू लागलो.

"पुसू नको रे सद्या," माय आतून म्हणाली, "अजून पसरून राहिलं."

"ही अक्कल कोनाची?" आत्याबाईनं विचारलं.

"दादाची," गोदी दारातून म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. "दादाले ताटं घासाची लाज वाटते ना."

मी मनात म्हटलं, झालं. संपलं. पण सोनाजी उठलेच नव्हते. त्यांनी पानाकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात मला विचारलं, "कुठी भेटते गा हे पानं?"

"सोन्या!"

"अक्के, बोलू दे आज," सोनाजी म्हणाले. त्यांनी मिशांवरून हात फिरवला आणि मिशाही लाल झाल्या. "आमच्याबी घरची बाई कापसात गेली जी. दोन महिने झाले. मीच घासून राहिलो, मागचं दार लावून. हिले पानं चालत नाई, काशाचंच ताट पायजे." पंगतीतले दोन भाऊबंद एकदम खाली पाहू लागले. मला वाटतं, त्यांचीही मागची दारं होती.

आत्याबाई जराही लाजली नाही. "मंग? सून कायले पाहून राहिलो आपून?" आणि तिनं गोदीच्या हातांकडे पाहिलं, बैल घेणारा खुरांकडे पाहतो तसं.

गोदी माझी एकुलती एक बहीण. त्या क्षणी मला मंजुळाची सोललेली बोटं आठवली असं म्हटलं तर शोभून दिसेल, पण खोटं कशाला बोलू, मला माझी कंबर आठवली. मी त्याच रंगलेल्या तोंडानं म्हणालो, "आत्याबाई, गोदी ताटं घासाले नाई येनार. तुमाले घासनाराच पायजे असन तं मी येऊन घासतो."

बोलून गेलो. असं माणूस बोलतो. त्यावर समोरच्यानं "नाही हो, असं कसं" म्हणायचं असतं.

"कबूल," आत्याबाई म्हणाली. "बसा रे, जेवा."

साखर वाटली गेली. लाल हातांनी वाटली, लाल हातांनी घेतली. माय रडत होती आणि हसत होती. माघात लग्न झालं, गोदी अकोल्याला गेली, आणि पंधरवड्यात तिकडून येणाऱ्या बंडीवाल्यापाशी निरोप आला: "ताटं पडली आहेत. या."

दोन दिवस बंडी हाकून मी अकोल्याला पोचलो. आत्याबाईनं मागचं दार दाखवलं. आत सोनाजी बसले होते, त्यांनी सरकून मला जागा दिली. मी घासलेलं पहिलं ताट आत्याबाईनं उजेडात धरलं, नखानं खरवडलं आणि परत केलं. "याले अजून शिकाचं आहे," ती गोदीला म्हणाली. "मुक्कामाचं पाहा याच्या." मी एका दिवसासाठी गेलो होतो. अकरा दिवस राहिलो. ओसरीवर बसून गोदी सुपारी कातरत होती आणि मला म्हणत होती, "दादा, कडेले राहिलं थोडं."

घरी आलो तेव्हा मी गावभर छाती काढून सांगितलं की बहिणीसाठी माणसानं काय करावं ते माझ्याकडून शिका. मंजुळानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं पेटी उघडली आणि काशाची ताटं बाहेर काढली.

"बहिणीसाठी दोन दिवस बंडी हाकून गेले," ती म्हणाली. "बायकोसाठी इथं थारोळ्यापर्यंत गेले असते, तं सागाचं एक पान तोडा लागलं नसतं."

मी ताटं उचलली आणि विहिरीकडे निघालो.