ओल्या गोणपाटाखालचं पिल्लू

आई गेली त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझे शनिवार फार लांब झाले होते. शनिवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते, रविवारी नाही. आधीची सहा वर्षं तो दिवस कसा जायचा ते कळायचंही नाही. अर्धांगवायूने आईची उजवी बाजू गेली होती आणि गिळणं बंद झालं होतं. नाकातून घातलेल्या नळीतून तिला दर तीन तासांनी पातळ खाणं द्यावं लागायचं. इतर दिवशी एक बाई यायच्या, शनिवारी मी एकटा. तिची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, मोठ्या सिरिंजमधून मुगाचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. मी लग्न केलेलं नाही. थोरली बहीण नांदगावला, तिच्या संसारात. नाशिकला, सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच होतो.

मार्चमध्ये आई गेली. दवाखान्याची खाट भाड्याची होती, ती परत गेली. जिथे खाट होती तिथल्या फरशीचा रंग थोडा वेगळा दिसायचा. मी सवयीने सहाला उठायचो, आणि उठून करायला काही नसायचं. कधी कधी दुपारपर्यंत तोंडातून शब्दही निघालेला नसे. मग कुणाशी बोलायची वेळ आली की घसा आधी खाकरावा लागायचा.

मे महिन्यातल्या अशाच एका शनिवारी अकराच्या सुमाराला मी कोथिंबीर आणायला चौकात गेलो. एकट्याच्या जेवणात कोथिंबीर काही लागत नाही, पण बाहेर पडायला कारण लागतं. तिथे गिरणारे गावाहून रोज भाजी घेऊन येणाऱ्या एक मावशी बसतात. त्या भाजीवर ओलं गोणपाट टाकून ठेवतात आणि मधूनमधून त्यावर पाणी मारतात. त्या दिवशी त्या गोणपाट वर करून खाली वाकून बघत होत्या.

"दादा, हे बघा बरं," त्या म्हणाल्या. "मघाशी मेथी काढाया गेले तर हाताला हे लागलं. मेलंय का हाय अजून?"

मेथीच्या जुड्यांमध्ये मांजराचं पिल्लू पडलं होतं. राखाडी, अंगावर पुसट पट्टे, माझ्या तळहातात मावेल एवढं. उन्हातून गारव्याला आत शिरलं असणार आणि मग ओल्यातच राहिलं असणार. मी त्याला उचललं तेव्हा दचकलोच. बाहेर उन्हाचा जाळ, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि हातातलं पिल्लू गार होतं. मान एका बाजूला लोंबत होती. पोट मात्र अगदी बारीक हलत होतं.

"हाय," मी म्हणालो. का कोण जाणे, त्यांच्यासारखंच म्हणालो.

"आई नाय आली याची. लय वेळ झाला मी बसलेय. तुम्ही न्या, दादा. हितं कुत्री हायेत."

मी त्याला रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि मग जे कोणीही करेल तेच केलं. पातेल्यातलं दूध कोमट केलं, पिल्लाचं तोंड बोटाने उघडलं आणि चमच्याने दूध घातलं. पहिला चमचा बाहेर आला. दुसरा आत गेला असं वाटलं. तिसऱ्याला त्याने एक बारीक, कोरडा ठसका दिला आणि नाकातून दुधाचा बुडबुडा आला. माझा हात तिथेच थांबला. मी ते तोंड खाली करून धरलं, पुसलं. ते श्वास घेत होतं, पण श्वासाला आता आवाज होता.

कामाला जाताना वाटेत जनावरांच्या एका दवाखान्याची पाटी रोज दिसायची. गूगलवर शोधून नंबर काढला आणि फोन लावला. एका तरुण बाईचा आवाज आला, डॉक्टरच बोलत होत्या. मी सांगितलं, रस्त्यावरचं पिल्लू आहे, तीनेक आठवड्यांचं असेल, मान टाकली आहे, अंग गार आहे.

"काही पाजू नका हं, काका," त्या लगेच म्हणाल्या. "दूध नाही, पाणी नाही. अंग गार असताना पोटात काही गेलं तर पचत नाही, आणि गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं. आधी ऊब द्या. गरम पाण्याची पिशवी आहे?"

"आहे."

"टॉवेलात गुंडाळून त्याच्या बाजूला ठेवा, अंगाखाली नको. ओलं असेल तर आधी कोरडं करा. साखरेचं पाणी बोटाला लावून नुसतं हिरड्यांना चोळा, ओतू नका. आणि ताबडतोब घेऊन या. आतापर्यंत काही पाजलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

गरम पाण्याची पिशवी आईच्या कपाटात होती. कापूस, हातमोजे, मोठ्या सिरिंजचं न फोडलेलं पाकीट, सगळं तिथेच होतं. ते कपाट मी दोन महिन्यांत उघडलं नव्हतं. आतून आईच्या पावडरचा वास आला. मी श्वास रोखून पिशवी घेतली आणि दार लावलं.

रिक्षात पिल्लू मांडीवर घेऊन बसलो. दर दोन मिनिटांनी टॉवेलाची घडी उघडून पोट हलतंय का ते बघत होतो. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "काय आहे साहेब, पिल्लू?" मी मान हलवली. तो खड्डे चुकवत चालवायला लागला.

डॉक्टर खरंच लहान होत्या, तिशीच्याही आत असतील. टेबलावर अर्धा खाल्लेला डबा होता, तो त्यांनी बाजूला सारला. पिल्लाच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, तंबूसारखी. "बघा, अंगात पाणीच नाही," त्या म्हणाल्या. हिरडीवर बोट टेकवलं, ती पांढरीफटक आणि चिकट होती. थर्मामीटर लावला. पारा जिथे असायला हवा त्याच्या कितीतरी खाली होता. त्यांनी एका खोक्यात गरम बाटल्या लावल्या, वरून दिवा लावला, पिल्लाला आत ठेवलं.

"लगेच सलाईन नाही देणार. आधी थोडं गरम होऊ दे. थंड अंगात सलाईन टोचलं तरी शोषलं जात नाही."

आम्ही दोघं खोक्याजवळ बसून राहिलो. अर्ध्या-पाऊण तासाने पिल्लाचा एक पंजा हलला. मग डॉक्टरांनी कोमट केलेलं सलाईन त्याच्या खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडलं. पिल्लू मला धरायला सांगितलं होतं. माझ्या बोटांखाली लिंबाएवढा उंचवटा आला. "हे हळूहळू जिरेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्टेथोस्कोप त्याच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. कपाळावर आठी आली.

"उजव्या बाजूला खरखर आहे. काका, दूध पाजलं होतं का?"

"नाही."

हे 'नाही' माझ्या तोंडातून विचार न करता निघालं. आणि त्याच क्षणी मला कळलं की हे मी आधीही म्हटलेलं आहे, याच आवाजात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर.

आईच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी माझा चहा करत होतो. तिने डाव्या हाताने खूण केली. कपाकडे बोट, मग स्वतःच्या ओठांकडे. सहा वर्षांत तिच्या जिभेला कसली चव लागली नव्हती. तोंडाने काही द्यायचं नाही, हे मला पाठ होतं, भिंतीवर लिहून लावलेलं होतं. तरी मी चहा निववला आणि चमच्याने दिला. पहिला चमचा तिने तोंडात घोळवला, डोळे मिटले. दुसऱ्याला ठसका लागला. दोन दिवसांनी ताप आला, न्यूमोनिया निघाला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, तोंडाने काही दिलं होतं का? मी म्हणालो, नाही. चौथ्या दिवशी ती गेली. ताई रडत म्हणाली होती, "तू किती केलंस रे तिचं." मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं.

डॉक्टर वहीत काहीतरी लिहायला वळल्या होत्या.

"पाजलं," मी म्हणालो. "तुम्हाला फोन करायच्या आधी. तीन चमचे. नाकातून आलं थोडं."

त्या वळल्या. मला वाटलं आता बोलतील. पण त्यांनी फक्त विचारलं, "गाईचं? किती वाजता?"

"गाईचं. साडेअकराच्या सुमाराला."

"बरं झालं सांगितलंत. मी नुसती ऊब आणि सलाईन देऊन सोडणार होते. आता अँटिबायोटिक लगेच सुरू करते, आणि संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे. ऑक्सिजनवर ठेवते." मग इंजेक्शन भरता भरता म्हणाल्या, "सगळेच पाजतात, काका. सांगत मात्र नाहीत."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. तिथे एका कुत्र्याचे मालक बसले होते, त्यांनी विचारलं, "डोळ्यांत गेलं का काही?" मी हो म्हणालो.

संध्याकाळी पिल्लू घरी आलं. डॉक्टरांनी मांजरांसाठीच्या दुधाची पावडर दिली, बोटाएवढी सिरिंज दिली. "पोटावर पालथं ठेवून पाजायचं, उताणं कधीच नाही. त्याने गिळलं की मगच पुढचा थेंब. दर अडीच-तीन तासांनी. पाजून झालं की ओल्या कापसाने शेपटीखाली पुसायचं, त्याशिवाय शी-शू होत नाही त्यांना." मी कागदावर लिहून घेत होतो. खरं तर त्यातलं बरंचसं माझे हात आधीच करत आले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कंपनीत फोन केला. साहेबांना म्हणालो, तीन दिवस रजा हवी, घरी आजारी आहे.

"कोण आजारी आहे?" ते म्हणाले. मग जरा थांबून, सावकाश, "तुमच्याकडे आता कोण आहे घरी?"

ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांना वाटलं माझंच काही बिनसलंय. म्हणाले, "घ्या रजा. कोणाशी तरी बोलत जा हो." मी बरं म्हणालो.

दोन दिवस खरखर तशीच होती. पिल्लू प्यायचं, निजायचं, आणि मी त्याच्या छातीशी कान लावून बसायचो. मंगळवारी सकाळी पाजायला उशीर झाला तर खोक्यातून चांगली खणखणीत ओरड आली. मी टॉवेल उघडला. ते चारही पायांवर उभं होतं, डुगडुगत, आणि टॉवेल पूर्ण ओला केला होता. मी एकटाच मोठ्याने हसलो. मग लक्षात आलं, हे सांगायला कोणी नाही. म्हणून ताईला फोन लावला.

पिल्लाची गोष्ट ऐकून तीही हसली. तीन चमचे दूध, डॉक्टर, रिक्षावाला, सगळं सांगितलं. आणि बोलता बोलता, थांबायच्या आत, चहाचंही सांगून टाकलं.

पलीकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"भीती वाटली."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते."

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी दोनदा केला, भाच्याने उचलला. आई कामात आहे, म्हणाला. रविवारी सकाळी नियमाने येणारा फोनही थांबला. आधी घर रिकामं होतं, आता फोनही मुका झाला. तरी सांगितल्याचा पस्तावा झाला असं म्हणता येणार नाही. झोप मात्र लागायला लागली.

भाजीवाल्या मावशी रोज विचारायच्या, "हाय का?" मी हाय म्हणायचो. एकदा पिशवीत घालून पिल्लू दाखवायला नेलं. त्यांनी ओल्या हाताने त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं. "मादी हाय. लय गुणाची दिसती," म्हणाल्या आणि लगेच गिऱ्हाइकाकडे वळल्या.

जूनच्या शेवटी ताई एका लग्नासाठी नाशिकला आली आणि न कळवता घरी आली. खुर्चीत बसली. पिल्लाकडे बघितलं, खाट होती त्या जागेकडे बघितलं. मी पाणी दिलं. ती पेला हातात धरून बसली.

"किती दिला होतास चहा?"

"दोन चमचे."

"साखर घातली होतीस?"

"हो. तिला आवडायची तशी."

"प्यायली?"

"पहिला प्यायली. डोळे मिटून."

ताईने पदराने डोळे पुसले. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी असते तर मीही दिला असता की नाही, सांगता येत नाही." मग उठली. पावणेसातची गाडी होती. मी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून पाऊस, भाच्याचा क्लास, असं काहीबाही बोलत राहिली. आता तिचा फोन येतो, पण रविवारी नेमाने नाही. तिला वाटेल तेव्हा.

परत आलो तेव्हा घरात अंधार होता. पिल्लू फ्रिजवर चढून बसायला नुकतंच शिकलं होतं. दिवा लावला तसं त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. मी कुकर लावला, एकट्यापुरता. भात होईपर्यंत ओट्याला टेकून उभा राहिलो आणि दिवसभरात काय काय झालं ते त्याला सांगत बसलो.