बिनफेसाचा साबण

अख्ख्या मुंबईत दुसऱ्याच्या घरचा साबण चाटून बघणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. जोगेश्वरीच्या आमच्या घरी मला बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाचे मामा म्हणून आलेले एक उंच, किडकिडीत, टक्कल पडलेले गृहस्थ हात धुवायला मोरीत गेले ते बाहेरच येईनात. शेवटी बाबा बघायला गेले. मामा डोळे मिटून, आमची साबणाची लाल वडी हातात धरून, जिभेचं टोक तिला टेकवून शांत उभे होते. बाबांना वाटलं, पाहुण्यांना फिट आली. ते कांदा आणायला धावणार, तेवढ्यात मामा हात पुसत बाहेर आले आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंना सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी गुणी आहे, आक्का. साबण तेवढा जहाल आहे." लग्न ठरलं, पण आईने त्याच संध्याकाळी ती वडी कपड्यांच्या बादलीत टाकली.

मामा एका कपडे धुण्याच्या साबणाच्या कारखान्यात होते. होते म्हणजे पेट्या बाहेर पाठवायच्या खात्यात, टेबलाशी. साबण शिजवण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण बोलताना "आम्ही साबणवाले" असं म्हणायचे. जीभ चुरचुरली तर वडी कच्ची, नाही चुरचुरली तर मुरलेली, हे त्यांनी तिथल्याच कुणाकडून तरी उचललं होतं आणि पुढे त्याचं शास्त्र करून टाकलं होतं. त्यांच्या बुशशर्टाच्या खिशात पेनाशेजारी कागदाच्या पुड्या असत. त्यांत साबणाचा कीस. एकदा बसमध्ये त्यांनी बडीशेप म्हणून कंडक्टरला त्यातलीच पुडी पुढे केली, आणि बिचाऱ्याला घाटकोपर येईपर्यंत तिकिटांना थुंकी लावायची सोय उरली नाही. राहायला नाहूरला होते. रविवारी तिथून आमच्याकडे मुलुंडला चालत यायचे, मिठागरांच्या कडेकडेने. दहाला येतो म्हणायचे आणि जेवणं उरकल्यावर उगवायचे. उशीर का झाला विचारलं तर म्हणायचे, "मिठावर ऊन पडलं होतं गं." यात कारण कुठे आहे ते आम्ही पहिली काही वर्षं शोधलं, मग सोडून दिलं.

माझी मुलगी झाली आणि मामांना जणू बढती मिळाली. बारशाला सगळ्यांनी वाळे आणले, झबली आणली. मामा मात्र रिकाम्या हाताने आले, पाळण्यावर वाकले, बाळाच्या टाळूचा वास घेतला आणि तसेच राहिले. पाळणा म्हणणाऱ्या बायका खोळंबल्या. कितीतरी वेळाने वर बघून ते हळूच म्हणाले, "हिला अजून कशाचाच वास लागलेला नाही. होईल तितके दिवस असंच राहू दे." त्यांचा चेहरा तेव्हा असा झाला होता, की कुणाला हसू आलं नाही. त्यानंतर बिल्डिंगमधल्या बाळंतिणी त्यांची वाट बघायला लागल्या. रविवारी दुपारी मामा आमच्या गॅलरीत बसले, की एकेक बाई पदराआड वडी नाहीतर बाटली घेऊन यायची. मामा आधी वास घेत, मग चाटत, मग कोपराच्या आतल्या बाजूला थोडा ओला साबण लावून तसेच बसून राहत. तासाभराने तिथे लाली आली नाही, तर मान डोलवत. रंगीत साबण बाद, चमचम करणारा बाद. "ज्या साबणाचा वास बाळाच्या आधी खोलीत येतो, तो बाळाचा साबण नव्हे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि सगळं झाल्यावर निकाल बहुतेक एकच लागायचा, "सध्या कोमट पाणीच घाला." तरी बायका पुढच्या रविवारी नवी वडी घेऊन हजर.

माझी नणंद मस्कतहून आली तेव्हा भाचीसाठी शाम्पूची सोनेरी बाटली घेऊन आली. डोळ्यांत गेला तरी बाळ रडत नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. मामांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून स्वयंपाकघरात लादीवर उताणे झोपले आणि नणंदेला म्हणाले, "घाल."

"मामा, काहीतरीच काय! तुमच्या डोक्यावर केस तरी आहेत का?"

"डोळे आहेत ना? घाल. बाळाला सांगता येणार नाही, मला येईल."

तिने एक थेंब सोडला. मामा डोळा उघडा ठेवून पंख्याकडे बघत पडून राहिले. आम्ही सगळ्या भोवती श्वास रोखून उभ्या. एवढ्या बायकांच्या मध्ये लादीवर पडलेला तो लांबलचक माणूस पाण्यावर तरंगत असल्यासारखा दिसत होता. "चावत नाही," ते शेवटी म्हणाले, "पण गप्पही बसत नाही." दुसऱ्या दिवशी लाल डोळा घेऊन ऑफिसात गेले, तर साहेबांनी डोळ्यांची साथ आली समजून दारातूनच घरी पाठवलं. मामांनी ती सगळी सुट्टी मिठागरांवर काढली.

पण एकच व्यक्ती त्यांचं ऐकत नव्हती, आणि ती म्हणजे त्यांची स्वतःची बहीण. माझ्या सासूबाई नातीला डाळीचं पीठ, साय आणि हळद लावून अशा घासायच्या की पोरीचं रडणं खालच्या वाण्याच्या दुकानापर्यंत जायचं. एका रविवारी मामांना ते बघवलं नाही. मोरीच्या दारातून म्हणाले, "आक्का, बाळ आहे ते. पितळेची कळशी नव्हे."

"तुला असंच घासून मोठा केला," सासूबाई वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या. "मेलास का?"

मामा चहा न घेताच गेले. पुढच्या आठवड्यात बाळाच्या मानेच्या, काखेच्या घड्यांना लाली आली आणि डॉक्टरांनी पीठ बंद करायला सांगितलं. सासूबाईंची खात्रीच झाली, की डॉक्टरला भावानेच फितवलं.

तिकडे मामांनी स्वतःच साबण करायला घेतला. खोबरेल तेल, मापून घेतलेला कॉस्टिक सोडा आणि मामींचं सगळ्यात मोठं पातेलं. मामी स्वभावाने अबोल, पण त्या दिवसांत जो भेटेल त्याला सांगायच्या, "आमच्याकडे वरण नाही. पातेलं साबणाला गेलंय." पहिला घाणा फुटला, दुसरा दगड झाला. तिसरा जमला, तेव्हा मामांनी त्याच्या वड्या पाडून खिडकीत फडक्यावर मांडल्या आणि आंबे पिकत घालावेत तशा त्या मुरायला ठेवल्या. मी एकदा लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. दुपारची वेळ. खिडकीबाहेर मिठाचे पांढरे ढीग, खिडकीत पांढऱ्या वड्या आणि त्यांच्याशेजारी बनियन घालून बसलेले मामा. मधूनच एखादी वडी उचलून कूस बदलावी तशी पालथी करून ठेवायचे. "घाई नको," मला म्हणाले, "आतला राग जाऊ दे तिचा." कितीतरी महिने हे चाललं होतं. शेवटी जिभेला, कोपराला, डोळ्याला, कशालाच ती वडी चावेनाशी झाली, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून मामा ती रुमालात बांधून आमच्याकडे घेऊन आले.

सासूबाईंनी दारातच हात आडवा केला. "माझ्या नातीवर तुझे प्रयोग नकोत."

मामांनी रुमालाची गाठ परत बांधली, माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. त्यानंतर रविवार सुने गेले. बायका वड्या घेऊन यायच्या, गॅलरीत बघायच्या आणि परत जायच्या. सासूबाई मुद्दाम भांडी आपटत कामं करायच्या, पण जेवणाच्या वेळी त्यांची नजर दाराकडे जायची.

मग त्याच आजारी पडल्या. ताप उतरला, पण औषध अंगावर उठलं. हातापायांची कातडी सुटायला लागली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. खाज आणि आग. डॉक्टर म्हणाले, लहान बाळाचा एखादा सौम्य साबण वापरा. आमच्या यांनी दुकानांतून निरनिराळे आणून बघितले, पण कुठलाही लावला की त्या कळवळायच्या. नातीला घासणारे ते हात आता पाण्याच्या तांब्यालाही घाबरत होते. त्यांना न विचारताच मी नाहूरला निरोप धाडला.

मामा त्याच दुपारी आले, पहिल्यांदाच वेळेवर. त्यांनी माझ्या लेकीच्या आंघोळीचा प्लास्टिकचा टब कोमट पाण्याने भरला, तो पलंगाशी आणला आणि सासूबाईंचे हात अलगद उचलून पाण्यात सोडले. रुमालातून वडी काढली. आधी सवयीने जिभेला लावून बघितली. मग एकेका बोटावरून ती फिरवायला लागले, इतकी हळू की पाण्याचा आवाजही होत नव्हता. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटले होते. थोड्या वेळाने ते सैल झाले.

"फेस येणा नाय रे बाबू," त्या म्हणाल्या. लग्न होऊन मुलुंडला आल्यापासून भावाशी मालवणीत बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"नाय येणा. झोंबता?"

"नाय."

 त्यांची आई गेली तेव्हा मामा रांगत होते आणि सासूबाई दहा-अकरा वर्षांच्या, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. त्या घरात भांड्यांना, कपड्यांना आणि पोराला साबण एकच होता, हे मात्र मला त्या दुपारी कळलं.

"तुका लय झोंबत होतो काय रे तो साबण?" सासूबाईंनी विचारलं.

"झोंबत होतो."

"दुसरो खंयचो होतो घरात..."

"गो, पण न्हाऊ तूच घालीत होतस मां," मामा म्हणाले, आणि दुसरा हात धुवायला घेतला.

पाणी गार झालं तरी ते दोघं टबाशी तसेच होते. लेक चालत चालत आली आणि तिनेही आपले हात त्या पाण्यात घातले. कुणीच तिला हटकलं नाही.

सासूबाई बऱ्या झाल्या. पुढची काही वर्षं मामा दर रविवारी येऊन त्यांचे हातपाय धुवायचे, अगदी गरज उरली नव्हती तेव्हासुद्धा. त्या गेल्यावर मात्र मामांनी परत पातेलं चढवलं नाही. गॅलरीत बसून बायकांचे साबण तपासायचे, चाटायचे, कोमट पाणी सांगायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, तुमच्या वड्या परत करा ना. सगळ्या विचारतात."

ते जरा हसले. "आता कुणासाठी गं?"

 समोरच्या सगळ्या गॅलऱ्यांमधून, दोरीवर जिकडे बघावं तिकडे, बाळांचे लंगोट वाळत होते.