डाव्या फुलाचा कौल

देवीपुढे लबाडी करणारी बाई देवीची कृपा सांगायला बसली, तर ऐकणाऱ्याने हसावंच. तरी सांगते, कारण झाकून ठेवलं तर ती आणखी एक लबाडी होईल.

आमचं घर कंधारजवळच्या खेड्यात. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा थर. मागच्या दोन पावसाळ्यांत ते इतकं गळायला लागलं की घरातल्या पातेल्यांपेक्षा गळक्या जागा जास्त झाल्या. माळवद पुन्हा घालावं तर तसं लाकूड मिळत नाही आणि घालणारे हातही राहिले नाहीत. सिमेंटचे पत्रे स्वस्त, पण आमच्याकडची वानरं ते एका उडीत फोडतात. राहिले लोखंडी पत्रे आणि स्लॅब. पत्रे आमच्या ऐपतीतले. स्लॅब म्हणजे दुभती म्हैस विकायची आणि वर माझ्या पाटल्या मोडायच्या. यजमानांचा कल पत्र्यांकडे होता. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या तर एकच धरून बसल्या होत्या, "डोक्यावर हलकं असावं गं. पत्रेच टाका." त्यांचं माहेर लातूरकडचं. तिथल्या भूकंपात त्यांचा धाकटा भाऊ माळवदाखाली गेला.

मला मात्र स्लॅबच हवा होता. वरच्या गल्लीत माझ्या जावेचा स्लॅब झाला होता आणि ती येता-जाता विचारायची, "पावसात भांडी पुरतेत का गं तुम्हाला?" ते टोचायचं. त्या रागात आत्याबाईंना बोलून गेले, "त्या भूकंपाला किती वर्षं झाली, अजून तेच घेऊन बसलाव व्हय?" त्या उठून ओसरीच्या कडेला जाऊन बसल्या.

शेवटी यजमान म्हणाले, "देवीला कौल लाव. ती म्हणंल तसं." आमच्यात अडलेल्या गोष्टीला असंच करतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची, जे आधी पडेल तो तिचा शब्द. उजवं स्लॅबचं, डावं पत्र्यांचं, असं मी मनात धरलं. डावं पडलं. म्हटलं, पाणी कमी लागलं असेल. पुन्हा लावलं, पुन्हा डावंच. गाभाऱ्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तिसऱ्या वेळी डाव्या फुलाला गंध फासून मी ते घट्ट दाबलं. उजवं पडलं. घरी येऊन सांगितलं, "उजवा दिला, स्लॅबचा." आत्याबाईंनी बसल्या जागेवरून देवळाकडे हात जोडले. "तिची मर्जी," म्हणाल्या. तेव्हाही मला लाज वाटली नाही.

बांधकाम घेतलेला गुत्तेदार म्हणाला, "कॉलम घ्या, भिंती लई जुन्या हायत." कॉलमचा खर्च ऐकून मीच म्हटलं, एवढ्या जाड भिंतींना काय होतंय? मग तोही तयार झाला. माळवद उतरवलं, स्लॅब ओतायला फळ्या-टेकूंचं सेंटरिंग लागलं, आणि एक अवकाळी पाऊस उघड्या भिंतींत मुरला.

दुसऱ्या दिवशी मजूर भाकरी खायला देवळाच्या ओट्यावर गेले होते. घराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आत्याबाई चुलीपुढे बसलेल्या, मी भाकरी थापत होते. इतक्यात दारात कंधारची बांगड्यावाली बानूबी येऊन उभी.

"डोहाळजेवणाचं घर हेच का माय?"

"न्हाई, ते पलीकडच्या गल्लीत."

तरी ती अंगणातल्या लिंबाखाली टोपली उतरवून बसलीच. "ऊन लई हाय. आलेच हाय तर भरून घे की. रिकामे हात बरे दिसत न्हाईत."

मी वैतागले. पण आत्याबाई उठल्या. माझ्या बांगड्यांचा रंग निवडायची त्यांना भारी हौस. "तवा उतरव. देवीच्या नावानं हिरव्या भर," म्हणत त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं.

एक हात भरून झाला आणि मागे धप्प आवाज झाला. चुलीमागची भिंत फुगून सेंटरिंगसकट आत कोसळली होती. चूल, तवा, परात, काहीच दिसेना. बानूबीने आत्याबाईंना छातीशी धरलं होतं. "या अल्ला, मी तर चुकून आले गं माय, चुकून आले," एवढंच ती म्हणत राहिली.

कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं की कौल मी फिरवला होता, देवीने आपला शब्द फिरवला नव्हता.

संध्याकाळी लिंबाखाली, जावेच्याही देखत, मी सगळं खरं सांगून टाकलं. यजमान उठून गेले. आत्याबाई म्हणाल्या, "देवीला फसवलंस त्याचं ती बघंल. मला कशाला फसवलंस गं?"

पुढे पडलेली भिंत विटांनी उचलली, लोखंडी खांब उभे केले आणि वर पत्रे टाकले. दुपारी ते तापतात, पाऊस आला की बोललेलं ऐकू येत नाही. जाऊ हसते, हसू दे. देवळात जाते, पण आता देवीला काही विचारत नाही. ती देईल ते पदरात घेते आणि येते.

पत्रे टाकले त्या दिवशी दिवेलागणीला आत्याबाईंनी आपली वाकळ उचलून घरात आणली. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना घरात निजलेलं पाहिलं नव्हतं. थंडी असो, पाऊस असो, त्या ओसरीच्या कडेलाच. आत जीव गुदमरतो म्हणायच्या, आणि मी ते खरं मानलं होतं.

"हितं टाकू का गं?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या हातातून वाकळ घेतली आणि घराच्या मधोमध अंथरली.