क्लॅरिनेटवाल्याचे ओठ

रिट्रॅक्टर दुसऱ्यांदा उडाला आणि माझ्या ॲप्रनवर आदळून खाली पडला.

“डॉक्टरीणबाई, ओठ फाटंल की माझा!” खुर्चीतले दस्तगीरभाई तोंडावर हात ठेवून म्हणाले. “परवा वारणानगरला वरात हाय. मग फुंकू कशानं?”

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात एका सीनियर डेंटिस्टांकडे नोकरी करत होते. दस्तगीरभाई बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या वरच्या पुढच्या दाताला कीड लागली होती. क्लॅरिनेटचं तोंड वर ह्याच दातांना टेकतं आणि खालून ओठ त्याला धरतो. दात गेला तर बँडही गेला.

फिलिंग करायचं तर दात कोरडा हवा. तेव्हाचं पांढरं सिमेंट लाळ लागली की बिघडायचं. म्हणून रिट्रॅक्टर. जाड तारेची धनुष्यासारखी वाकवलेली स्प्रिंग, दोन्ही टोकांना पन्हळीसारखे पत्रे. ते ओठांच्या कोपऱ्यांत बसवले की ओठ आणि गाल दातांपासून लांब राहतात. बाकी पेशंटना तो सहज बसायचा. ह्यांचे ओठ मात्र वर्षानुवर्षं फुंकून पैलवान झाले होते. पत्रा लागला की आपोआप आवळायचे.

सर आत डोकावले. “अजून चाललंय? काढून टाका तो दात.”

“सर, त्यांचं पोट आहे त्या दातावर.”

“मग लवकर बसवा. बाहेर पेशंट खोळंबलेत.”

जोर लावून उपयोग नव्हता. त्या ओठांपुढं माझ्या हातांचा टिकाव लागणार नव्हता. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

“भाई, वरात संपली की ओठ ताठत असतील. मग काय करता?”

“काय करायचं? घोड्यागत फुर्र करतो.”

“करा बघू.”

ते लाजले. मग केलं. थुंकी माझ्या चष्म्यावर.

“आणखी करा.”

तोवर मी रिट्रॅक्टर कोमट पाण्यात बुडवला. गार धातू लागला की ओठ आक्रसतात. पत्र्यांना व्हॅसलीन लावलं. पुढच्या फुर्रनंतर ओठ सैल लोंबले, तेवढ्यात एक कोपरा सरकवला. मग दुसरा. जपून हात सोडले. रिट्रॅक्टर जागेवर राहिला! भाईंना बोलता येईना. त्यांनी हातानंच ‘चालू द्या’ म्हणून खूण केली.

कापूस लावला, कीड साफ केली, सिमेंट भरलं, सुकू दिलं. “आज फुंकायचं नाही,” मी बजावलं.

“न्हाय फुंकत,” ते म्हणाले आणि आरशात आधी ओठच बघितला.

वरातीच्या दिवशी ते बँडचा लाल कोट घालून दवाखान्यात हजर. “म्हटलं, जाताजाता दाखवून जावं.” बाहेरच्या बाकावर बसूनच त्यांनी सूर लावला. गाल सुजलेला एक पेशंट मान डोलवायला लागला. सर बाहेर आले, शेवटपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, “फिलिंग नीट बसलंय.” सरांची शाबासकी एवढीच असायची.

ते सिमेंट फार टिकत नाही. पुढं बदलावं लागलं. दात मात्र भाईंचा स्वतःचाच राहिला.

मी एक शिकले. पेशंटला ‘आ करा’ म्हणण्याआधी, ते तोंड दिवसभर काय काम करतं हे विचारून घ्यावं. वेळ वाचतो.