आबांच्या सेटमधले टाळ

दोन्ही ट्वीटर परत जळले होते. मी स्वतःच्या हातांनी बसवलेले, चांगल्या प्रतीचे. महिनाभरही टिकले नव्हते.

"मॅडम, लवकर या," विकास फोनवर म्हणाला. "आबांनी डोकं खाल्लंय नुसतं."

जुन्या स्टिरिओ सेटची दुरुस्ती आणि अपग्रेड हे माझं काम. ट्वीटर म्हणजे स्पीकरच्या पेटीतला सगळ्यात छोटा स्पीकर. बारीक आणि टिपेचे आवाज तो काढतो: बासरी, व्हायोलिन, टाळ. त्याच्या आतली तार केसाएवढी असते. झेपेल त्याहून जास्त करंट गेला की ती जळते आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. एकदा ट्वीटर जळला तर मी नशिबाला दोष देते. दोन्ही बाजूंचे, तेही लागोपाठ जळले, तर कुठेतरी पाणी मुरत असतं.

मी त्यांच्या गावी, नांद्याला पोचले तेव्हा विकास फाटकातच उभा होता. त्यांची शेती आता थोडीच उरली आहे. बाकीच्या जागेवर त्यानं खोल्या बांधून हिंजवडीला कामाला जाणाऱ्या मुलांना भाड्यानं दिल्यात. त्यातल्याच कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की वडिलांचा सेट विंटेज आहे, भंगारात घालू नका, अपग्रेड करा. विंटेज म्हटलं की जुन्या वस्तूकडे बघायची नजरच बदलते लोकांची. कालची अडगळ आज दागिना होते.

हा सेट मात्र खरोखरच दागिना होता. रेकॉर्ड प्लेअर, जपानी अॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. पहिल्या खेपेला मी अॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर बदलले होते. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटीशी टाकी, जुनी झाली की कामातून जाते. रेकॉर्ड प्लेअरला नवी सुई बसवली होती, मोठ्या स्पीकरची कुजलेली फोमची कड बदलली होती आणि ट्वीटर नवे घातले होते. मग खुर्चीत बसून ऐकलं. आवाज असा मोकळा झाला होता, की मीच माझ्यावर खूश होते.

आबा, म्हणजे विकासचे वडील, तेव्हा एवढंच म्हणाले होते, "ह्यात टाळ कुटं हायेत?"

जुनं गिऱ्हाईक नव्या आवाजाला थोडं नाक मुरडतंच. मी हसून निघाले होते.

या वेळी आबा हसण्याच्या मूडमध्ये नव्हते. मी बॅग ठेवते न ठेवते तोच त्यांनी सुरुवात केली.

"ताई, येत्या एकादशीला भजनी मंडळाची समदी पोरं हितं बोलावल्यात म्या. तवर ह्यो सेट झाला पायजे."

"कार्यक्रम आहे का काही?"

"कार्यक्रम कसला? त्यांस्नी जुनी अभंगाची रेकॉर्ड ऐकवायचीया. टाळ कशाला म्हंत्यात ते कळू दे एकदा त्यांस्नी."

बाकीचं विकासनं सांगितलं. आबा तरुणपणापासून मंडळाचे टाळकरी. पहिल्या ओळीत उभं राहून टाळ धरायचे आणि मागच्यांनी त्यांच्या हाताकडे बघून लय सांभाळायची, अशी तिथली रीत. गेल्या एकादशीला त्यांनी भजन मध्येच थांबवलं आणि देवळात सगळ्यांसमोर पोरांवर तोंड सोडलं. पोरं टाळ वाजवतच नाहीत, नुसते हात हलवतात, असं त्यांचं म्हणणं. गळ्यातले टाळ काढून पेटीवर ठेवले आणि तडक घरी आले. त्यानंतर ते देवळात गेले नव्हते. मंडळातलंही कुणी बोलवायला आलं नव्हतं.

"माजं टाळ मला ऐकू येत्यात की चांगलं," आबा म्हणाले. "ह्यांचंच तेवढं येत न्हाईत. म्हंजी काय समजायचं?"

हिराकाकू, त्यांची बायको, चहा देताना मला हळूच म्हणाल्या, "भजनात जीव हाय ओ त्यांचा. तितनं तुटलं तर माणूस ऱ्हायचं न्हाई. तेवढा सेट नीट करा, म्हंजी ही कटकट तरी मिटंल."

आबा शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी मानही वळवली नाही.

मी कामाला लागले. अॅम्प्लिफायर तपासला, तो ठणठणीत. क्रॉसओव्हर तपासला. जाडा आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज ट्वीटरला वाटून देणारा भाग तो. तोही बरोबर. मग नजर बटणांकडे गेली. बारीक आवाज वाढवायचं ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं. व्हॉल्यूमही जवळजवळ तसाच. अॅम्प्लिफायरला ताकदीबाहेर राबवलं की आवाज फाटतो आणि त्या फाटक्या आवाजाचा सगळा मार ट्वीटर खातो. चोर सापडला.

"असं कोण लावतं?" मी विचारलं.

विकासनं आबांकडे डोळ्यांनी खूण केली.

"ह्यांनी सेट लावला की मी गोठ्यात जाऊन बसते," काकू म्हणाल्या.

शंका मला तिथेच आली. पण शंका म्हणजे निदान नव्हे. नवे ट्वीटर घातले, बटणं मध्यावर आणली आणि लॅपटॉप जोडला. स्पीकर तपासायची एक साधी पद्धत आहे. जाड्या आवाजापासून सुरुवात करून हळूहळू बारीक होत जाणारी एकच शिट्टी सोडायची. मध्ये कुठे आवाज खचला तर तो भाग खराब. ट्वीटर चांगले आहेत हे आबांना स्वतःलाच पटावं म्हणून मी त्यांना समोर बसवलं.

"आबा, आवाज बंद झाला असं वाटलं की हात वर करा."

"बरं."

शिट्टी सुरू झाली. आबा डोळे मिटून ऐकत होते. घुमणारा आवाज चढत चढत बारीक झाला. निम्मा पल्लाही झाला नसेल, आबांनी हात वर केला आणि डोळे उघडले.

"गेलं बगा. हितनंच जातंय. म्या म्हनत व्हतो न्हवं?"

शिट्टी खणखणीत चालू होती. आवाज मी फार ठेवला नव्हता, पण बारीक आवाज कानात टोचतो. काकूंनी पदर कानावर धरला होता. विकास आतून दोन्ही कानांत बोटं घालून आला आणि ओरडला, "मॅडम, बंद करा ओ ते!"

आबांनी मुलाकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग स्पीकरकडे.

खोटं बोलायचा मोह मला झाला. स्पीकरमध्येच दोष आहे म्हणाले असते, तर ते मानलंही असतं त्यांनी. मग एकादशीला सगळं मंडळ इथे बसलं असतं, खणखणीत टाळ ऐकले असते, आणि आबा एकटेच विचारत राहिले असते की टाळ कुठे आहेत.

"वाजतंय?" आबांनी विचारलं.

"वाजतंय, आबा."

मी शिट्टी बंद केली. विकासनं कानांतली बोटं काढली आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"म्हंजी पोरं वाजवत व्हती," आबा म्हणाले. "आन म्या त्यांस्नी देवळात, समद्यांदेखत..."

एवढी वर्षं मी लोकांना ऐकू न येणारे आवाज ऐकवायचं काम करतेय. एखाद्याला ऐकू येत नाही हे त्याच्याच घरात बसून त्याला दाखवून देण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

"कान तपासून घेऊ या आपण," मी मोठ्यानं म्हणाले. स्वतःचा चढलेला आवाज ऐकून मीच ओशाळले.

विकासनं त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. वयामुळे बारीक आवाज आधी जातात, माणसाला ते कळतही नाही, डॉक्टरांनी समजावून सांगितलं. समोर, जवळ बसून बोललं तर सगळं समजतं. शिवाय हातातले टाळ हातालाच जाणवतात. मशीन लावल्यावर बोलणं स्पष्ट येईल, पण अगदी टिपेचं जे गेलं आहे ते कुठल्याही मशीनने परत यायचं नाही. आबांनी मशीन लावून घेतलं. कुरकुर केली नाही, असं विकास म्हणाला, आणि त्याचीच त्याला जास्त काळजी वाटत होती.

एकादशीचं बोलावणं आबांनी रद्द केलं नाही. मलाही बोलावलं होतं, सेट लावून द्यायला. मंडळाची पोरं आली, चेहरे पाडून, भिंतीला टेकून बसली. आता पुन्हा बोलणी खायची, अशाच तयारीनं आली होती बिचारी.

आबा उभे राहिले.

"म्या तुमास्नी देवळात नगं नगं ते बोललो. चूक माजी व्हती. माजं कान गेल्यात."

माना खाली गेल्या. सुदाम नावाचा पखवाजवाला धीर करून म्हणाला, "जाऊ द्या आबा. तुमी पयल्यावानी म्होरं उभं ऱ्हावा. आमी बगून घेऊ."

"न्हाई. ज्याला ऐकू येतंय त्यानं म्होरं उभं ऱ्हायाचं. म्या मागं हाय."

मग ते मला म्हणाले, "ताई, लावा रेकॉर्ड."

मी सुई ठेवली. आधी नुसता तंबोरा, मग गळा, मग पखवाज. आबांनी स्पीकरच्या पेटीवर तळवा टेकवला होता. रेकॉर्ड त्यांना पाठ होती. टाळ कुठे सुरू होतात ते ठाऊक होतं. ती जागा आली आणि टाळांनी खोली भरून गेली. आजवर अपग्रेड केलेल्या सेटमधला सगळ्यात स्वच्छ आवाज. भिंतीला टेकलेली पोरं ताठ बसली.

आबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आलं का टाळ?"

"आलं, आबा."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

हल्ली कुणी जुना सेट अपग्रेड करायला बोलावलं, की मी स्क्रू ड्रायव्हर लगेच काढत नाही. तो सेट रोज कोण ऐकतं ते विचारते. मग त्या माणसामागे उभी राहून थोडा वेळ गप्पा मारते, हळू आवाजात.