उरलेली ऐंशी पानं

मुलाची गाडी सकाळी सातलाच दारात लागली. सामान भरून झालं, शेजारीपाजारी जयभीम घालून गेले. सगळ्यात शेवटी विमल आली. डोळ्यांना नीट दिसत नसल्यानं भिंतीला हात लावत आली आणि एवढंच म्हणाली, "बाई, ऐंशी पानं रायली ना आपली. ती थोरली लग्नाला जाते का नाय, कसं कळायचं मला?"

विमल माझी शेजारीण. किन्हवलीत आमच्या दोन घरांच्या मधे एकच भिंत. मी शाळेत शिकवायचे, म्हणून तिच्यासाठीही मी बाईच. तीस वर्षं सुखदुःख वाटून घेतलं, पण तिनं मला कधी "तू" म्हटलं नाही. तिचे डोळे अधू झाले आणि मी निवृत्त झाले, त्याच सुमारास हे वाचन सुरू झालं. विहाराच्या मागच्या खोलीत आमचं छोटं वाचनालय आहे. तिथून पुस्तक आणायचं आणि दुपारी तिच्या ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचं. "वाचशील तर कुनाच्या दारात उभं रावं लागनार नाय," असं माझे बाबा म्हणायचे. विमलच्या ओटीवर मात्र मी रोज हौसेनं जायचे.

शेवटची कादंबरी दोन बहिणींची होती. थोरली आणि धाकटी वैरिणी झालेल्या, आणि धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलेलं. तेवढ्यात माझे यजमान गेले. महिनाभरानं मुलगा मला न्यायला आला. पुस्तक वाचनालयाचं, ते परत करावं लागलं.

बंगळुरूत सगळं चांगलं आहे, हे आधीच सांगते. सून जीव लावते. आठव्या मजल्यावर वारा छान येतो. पण घरात तीन माणसं तीन पडद्यांसमोर असतात. माझी मालिका मी टॅबवर, कानात बोंडं घालून बघते. मालिकेतली सासू किन्हवलीला होती तशीच दुष्ट आहे, पण तिला शिव्या घालायला शेजारी कुणीतरी लागतं. तिकडे विमलकडे टीव्ही लागला की आम्ही दोघी मिळून तिचा उद्धार करायचो. इथं परवा एका प्रसंगाला मी मोठ्यानं "मेली!" म्हणाले, तर सून धावत आली.

सोसायटीच्या क्लबहाउसात दर रविवारी ज्येष्ठांसाठी हाउजी, तो आकडे खोडायचा खेळ, असते. मला इथं येऊन सात-आठ महिने झाले, तेव्हा एकदा सून कौतुकानं सोडून आली. मला पहिली ओळ लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, "आंटी, आंटी" करत हातात एक स्टीलचा डबा दिला. तो घेऊन लिफ्टनं वर आले. घरी कुणी नव्हतं. डबा ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिले. सकाळपासून आपण किती शब्द बोललो, ते आठवायला लागले. फार आठवले नाहीत.

त्याच संध्याकाळी मुलाला ती कादंबरी मागवायला सांगितली. आठवड्यात कुरिअर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला विमलला फोन लावला. तिच्या सुनेनं स्पीकर चालू करून दिला.

"विमल, ऐकतेस ना? पान दोनशे बारा."

"वाचा, बाई."

रोज सात-आठ पानं व्हायची. ती योग्य जागी चुकचुकायची, धाकटीवर चिडायची, मधेच "आता काय करल ती?" असं विचारायची. दिवसभर मला त्या तीन वाजण्याचीच ओढ असायची. जेवणही त्या वेळेच्या बेतानं होऊ लागलं.

अशी दहा-बारा पानं उरली असतील. त्या दिवशी फोन विमलच्या नवऱ्यानं, गंगारामभाऊंनी उचलला. एसटीवर ड्रायव्हर होते, आता घरीच असतात. विमल डोळे दाखवायला शहापूरला गेली होती.

"कुठवर आलं तुमचं, बाई? थोरली मांडवात आली का?"

मी चमकले. "तुम्हाला कसं ठाऊक, भाऊ?"

"मीच वाचून दावलं ना! तुमी गेल्यावर वाचनालयातनं आनलं. रोज अर्धं पान. जोडाक्षर आलं का आमची गाडी बंद." ते हसले, आणि एकदम थांबले. "तिनं सांगितलं नाय तुमाला?"

मी फोन ठेवला. राग कशाचा आला, हे मलाच नीट सांगता आलं नसतं. फसवल्याचा आला, पण त्याहून जास्त टोचलं ते वेगळंच. जन्मात पुस्तक न धरलेला तो माणूस चष्मा लावून बायकोसाठी अक्षरं जुळवत बसला होता. माझ्या घरात आता माझ्यासाठी असं बसणारं कुणी नव्हतं. तिचं माझ्यावाचून अडलं नव्हतं. माझंच अडलं होतं.

दोन दिवस मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला.

"बाई, वाचायचं नाय का आज?"

"विमल, तुला शेवट ठाऊक आहे."

पलीकडे अंगणात कुणीतरी बादली आपटल्याचा आवाज आला.

"हाय ठाऊक," ती म्हणाली. "पन तुज्या सुनेनं फोनवर सांगितलं का तू दिवसदिवस बोलत नायस. एवडं वाचताना तरी तुजा आवाज निघतो गो. म्हनून गप रायले."

तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मला "तू" म्हटलं होतं. तिच्या ते ध्यानातही आलं नसावं.

मग मी पुस्तक उघडलं आणि उरलेली सगळी पानं एका बैठकीत वाचली. थोरली मांडवात आली, तेव्हा आम्ही दोघी रडलो. तीही रडली, शेवट ठाऊक असून.

गेल्या महिन्यात किन्हवलीचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं. मुलानं भीतभीत कागद पुढे केला. मी लगेच सही केली. त्याला वाटलं, आई रुळली. मी रुळलेली नाही. रविवार अजून खायला उठतो, "आंटी" म्हटलं की क्षणभर दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं वाटतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण आता घर म्हटलं की ते दार आणि ती कौलं माझ्या डोळ्यांसमोर येत नाहीत. माझं न बोलणं जिला इतक्या लांबून ऐकू आलं, ती येते.