उपरण्याखालचा हात

आधीच सांगून टाकते, इथले असले अनुभव मी आजवर वाचायचे ते हसायला. धुळ्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते मी. वर्गात एखादीने उताऱ्याचं, अमावस्येचं काही काढलं की तिला फळ्यापाशी बोलावून तेच सिद्ध करायला लावणारी बाई, अशी माझी ख्याती आहे. तेव्हा हे लिहिताना मला माझंच हसू यायला हवं... येत नाहीये.

आमचं गाव नरडाण्याजवळ. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, घोडीचा शौक. शेती कापसाची, पण जीव सगळा घोडीत. दारात कायम एक घोडी असायची. वरातीला द्यायची नाही, टांग्याला जुंपायची नाही, फक्त फिरवायची आणि यात्रेत दाखवायची. आई म्हणायची, हत्ती पाळला असता तर निदान देवळापुढे उभा करून चार नारळ तरी आले असते!

चाळिशी उलटल्यावर मी आबांच्या मागे लागले की मलाही शिकवा. नवरा हसला, भाऊ हसला, गावातल्या बायका तर तोंडाला पदर लावून हसल्या. आबा तेवढे हसले नाहीत. रविवारी लवकर ये म्हणाले, आणि ती ओढणी घरी ठेवून ये. मग दर रविवारी धुळ्याहून स्कुटीवर नरडाणा... आठवडाभर पोरांना गतीचे नियम शिकवायचे आणि रविवारी स्वतः त्यांच्याच तडाख्याने मातीत पडायचं.

घोडी होती मैना. कुमैत रंगाची, म्हणजे अंग तांबूस-तपकिरी आणि आयाळ काळीभोर. स्वभाव माझ्यासारखाच, नाकावर राग. तिला आबांनी रेवाल चाल शिकवली होती. ही चाल म्हणजे घोडी भराभर चालते, पण पाठ हलत नाही. बसणाऱ्याच्या हातात भरलेला पेला दिला तरी पाणी सांडत नाही. माझ्या हातातला सांडायचा. आबा रिंगणाच्या एका कोपऱ्यात उभे राहून जिभेने बुचकारा द्यायचे, त्या आवाजावर मैनेचा पाय पडायचा. खरं तर मैना त्यांच्यासाठी चालायची, मी आपली वर बसलेली.

आबांच्या उजव्या हाताची तर्जनी वाकत नसे. तरुणपणी दोराच्या फासात अडकून कायमची ताठ झालेली. मी चिडले, लगाम खेचायला लागले की ते जवळ येऊन माझ्या मुठीवर हात ठेवायचे. बाकीची बोटं माझ्या मुठीभोवती मिटायची आणि ते एक बोट सरळ माझ्या मनगटावर टेकलेलं राहायचं. ओढायचे नाहीत, दाबायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, ‘‘रागमा घोडीवर बसानं नही, आन् रागमा उतरानं बी नही.’’ एकदाच सांगायचे. दुसऱ्यांदा सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पोळा झाल्यावर आबा गेले. झोपेतच. मरताना मैनेला सांभाळ वगैरे काही म्हणाले नाहीत, सिनेमातल्यासारखं काहीच झालं नाही. मी मात्र गावी जाणं सोडलं. प्रॅक्टिकल आहेत, पेपर तपासायचे आहेत, घरी पाहुणे आहेत... कारणांना काय तोटा. खरं कारण हे की त्या रिंगणाचा तो कोपरा मला बघवत नव्हता. भाऊ मैनेला चारा-पाणी करायचा, पण पाठीवर बसायचा नाही. तिच्याकडून कुणीच काही करून घेत नव्हतं. यात्रा तोंडावर आली तेव्हा मला एकदम पुळका आला की आबांची घोडी यंदाही दिसलीच पाहिजे.

दोंडाईच्याच्या पुढे तापीकाठी यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, खानदेशातल्या माणसाला गाव सांगायला नको. दिवस थंडीचे, पण भर दुपार होती. ऊन, धूळ, लाऊडस्पीकर, भोवताली माणसंच माणसं. रेवाल चालीच्या स्पर्धेत आम्ही उतरलो. सुरुवात बरी झाली. मग वळणावर, जिथे दरवर्षी आबा कठड्याला टेकून उभे राहायचे, तिथे मैना थांबली. कान पुढे करून त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मी टाच दिली, लगाम ओढला. ढिम्म. माईकवरचा माणूस म्हणाला, मॅडमची घोडी फोटो काढायला थांबलेली आहे. सगळं रिंगण हसलं.

आणि मी तिला चाबूक मारला. आबांनी जन्मात तिला मारलं नव्हतं, मीही नव्हतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा मारला. ती हलली नाही, फक्त तिची कातडी थरथरली. मग मी भर रिंगणात खाली उतरले आणि तिला ओढत बाहेर नेलं. सराव मी केला नव्हता, महिनोन्‌महिने तोंड मी दाखवलं नव्हतं, पण नाचता येईना अंगण वाकडं! बाहेर आल्यावर भावाला म्हटलं, टेम्पो रिकामा जाऊ दे, मी हिला इथेच विकते. तो म्हणाला, ताई, उद्या बोलू. त्याच्यावरही मी खेकसले. मग तो बिचारा चहा आणतो म्हणून निघून गेला.

नाना नावाचे दलाल आहेत, दोंडाईच्याचे, आबांचे जुने मित्र. घोडीला लांबचं एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे होतंच. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि मालक उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं धरून आकडा ठरवतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. हे पुरुषांचं काम. नाना म्हणाले, भावाला येऊ दे. मी म्हटलं, घोडी माझी, हात माझाच. नाना अवघडले. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी माझ्या हातावर पसरलं.

खाली एक हात आला. गरम, खरखरीत. बोटं धरली नाहीत त्याने. माझी मूठ वळलेली होती, तिच्याभोवती मिटला आणि थांबला. आणि एक बोट ताठ, माझ्या मनगटावर.

आजूबाजूचा आवाज बंद झाला, अंगावर काटा आला, असलं काही मला सांगता येणार नाही, कारण तसं झालं नाही. लाऊडस्पीकर चालू होता. कुणीतरी भेळ खात होतं. तो हात तसाच होता. ओढत नव्हता, दाबत नव्हता. मला भीती नाही वाटली. मला राग आला! वाटलं, मेल्यावरही मलाच समजावणार, त्या घोडीला नाही. विकायचीच, असं मी मनात पक्कं केलं, आणि ते पक्कं होताक्षणी तो हात सैल झाला. हळूच निघून गेला. मी नानांना म्हटलं, ‘‘द्या. कितीलाही द्या.’’

मैनेला नेलं तेव्हा तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती नानांच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होती. कान पुढे करून, मघासारखेच.

भाऊ चहा घेऊन आला तेव्हा दोर माझ्या हातात नव्हता. अजूनही त्या विषयावर आमचं बोलणं नाही.

राग किती टिकतो हो? रात्रीपर्यंतही नाही टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नानांना फोन लावला, पण गिऱ्हाइकाची माणसं पहाटेच निघून गेली होती. तरी मी महिनाभर त्यांच्या मागे लागले. शेवटी दोंडाईच्याला त्यांच्या घरी जाऊन बसले. मैना पुढे विकली गेली होती, परराज्यात, आणि तिथूनही पुढे. कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. नानांनी चहा दिला. मग खाली बघत म्हणाले, ‘‘पोरी, राग नको मानू. त्या दिन मी हात घालेलच नव्हता. आबानी पोर तू, तुना हात कसा धरू? दोन्ही हातमा उपरणं धरीसन उभा व्हतू. तू तोंडनी भाव सांगशी, आसं वाटनं माले.’’

हे मी नंतर पुष्कळांना सांगितलं. कॉलेजात सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. सगळे इथे ‘बाप रे’ म्हणतात. मग कुणी म्हणतं दुःखात असं होतं, कुणी म्हणतं थंडीने हाताला मुंग्या आल्या असतील. असेल. मुंग्यांना ताठ बोट असतं का, ते मात्र मला कुणी फळ्यावर दाखवलेलं नाही.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, ती इथे सांगते. इथे माझं नाव नाही म्हणून जमतंय. नाना बोलले तेव्हा मला नवीन काहीच कळलं नव्हतं. त्या दिवशी नाना माझ्या समोर उभे होते. त्यांचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांपुढे होते, उपरण्याची टोकं धरलेले. मी ते बघत होते. खालचा हात नानांचा नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. कुणाचा आहे तेही माहीत होतं. आणि तरी मी द्या म्हटलं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधायलाही धजत नाही. आबा तिथे नव्हतेच असं सिद्ध झालं, तर तो शेवटचा स्पर्शही गेला. होते असं ठरलं, तर त्यांच्या देखत, त्यांचा हात मुठीवर असताना मी मैना विकली. यातलं कोणतं बरं, ते मला अजून ठरवता येत नाही.

एवढंच सांगायला लिहिलं. तुमच्या भागात कुणाकडे कुमैत घोडी असेल, काळ्या आयाळीची, चालीला फार सुरेख, आणि चालता चालता एखाद्या कोपऱ्याशी कान पुढे करून उगाच थांबत असेल, तर जरा थांबू द्या तिला. मारू नका. ते माझ्याकडून करून झालंय.